उघडिपीतला हिरवा दिवा

विश्रामबाग, सांगली
गुरुवार, संध्याकाळ

प्रिय आण्णा,

सप्रेम जयभीम. 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही याचा राग मानू नका. मी प्राथमिक शाळेत असताना बाईंनी शिकवल्याप्रमाणे तुम्हाला तीर्थरूप लिहून पत्र पाठवलं होतं, आणि त्यावरून पलटणीत सगळे तुम्हाला तीर्थरूप म्हणूनच हाका मारायला लागले होते. सुट्टीवर आल्यावर तुम्हीच तंबी दिलीत की पुन्हा तसलं काही लिहायचं नाही, नुसतं प्रिय लिहायचं. तेव्हापासून तुम्ही प्रिय आहात, आणि आज जरा जास्तच. हे पत्र कपिलच्या हाती देतेय. त्याला आधी खांद्यावरची बॅटरी उतरवू द्या, आईला चहा टाकायला सांगा आणि मग चष्मा लावून, ओट्यावर बसून हे शेवटपर्यंत वाचा. मधेच उठायचं नाही. तुमचं वाचून होईपर्यंत त्यानं अवाक्षर काढायचं नाही असं मी त्याला बजावलं आहे. तुमचा जावई गरीब आहे, ऐकतो. तुम्ही ऐकत नाही, म्हणून हा पत्राचा खटाटोप. फोनवर तुमचा तोफांनी निकामी केलेला कान नेमका मी बोलायला लागले की पुढं येतो, आणि समोर आले तर तुम्ही विषय बदलून मला जेवायला वाढता.

मला भीती वाटते आहे, आण्णा. आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही. आपल्या घरामागच्या डोंगराची मला भीती वाटते आहे, आणि तुम्ही, आई आणि सगळी वाडी त्याच्या पायथ्याशी निवांत आहात याची त्याहून जास्त. इथं सांगलीत लोक नदीला भितात. पाऊसकाळात भाजीवालीसुद्धा आयर्विन पुलाशी पाणी किती झालं ते आधी विचारते आणि मग कोथिंबिरीचा भाव सांगते. पण नदीचं एक बरं असतं, ती चढताना दिसते. माणूस सामान माळ्यावर टाकतो, पोरांना पाहुण्यांकडे पाठवतो आणि शेवटी स्वतः बाहेर पडतो. डोंगर असं काही दाखवत नाही. त्यानं सांगावं म्हणून तर आपण ती पेटी बसवली. आणि सगळं बिघडलंय ते त्या पेटीपाशीच.

परवा काम करता करता तुमचा तो खेळ आठवला. तुम्ही सुट्टीवर असलात की मी शाळेतून यायच्या वेळी दाराआड उभे राहायचात आणि ओरडायचात, "थम! कौन आता है?" मी दप्तरासकट जागच्या जागी थांबायचे आणि जीव खाऊन ओरडायचे, "दोस्त!" मग तुम्ही म्हणायचात, "आगे बढ, दोस्त." त्याशिवाय उंबरा ओलांडायची परवानगी नसायची. एकदा मी अंगात ताप घेऊन भिजत आले होते, तरी तुम्ही विचारल्याशिवाय आत घेतलं नाही. आई केवढी चिडली होती तुमच्यावर. तुम्ही मला पंच्यानं पुसत शांतपणे म्हणालात, "वळख पटल्याबिगर संतरीनं कुणाला आत सोडायचं नसतंय. आन् बदली आल्याबिगर पोस्ट सोडायची नसती." मला तेव्हा त्या बोलण्याचा फार अभिमान वाटायचा. शाळेत सगळ्यांना सांगत सुटले होते. आता त्याच बोलण्याची मी धास्ती घेतली आहे.

कारण तुम्ही अजून तसेच आहात. मागं एका पावसाळ्यात सरकारी माणसं येऊन सांगून गेली की डोंगर उतरायची शक्यता आहे, खाली चला. तेव्हा तुम्हीच शिट्टी फुंकून वाडी गोळा केलीत आणि ओढ्यापलीकडच्या, खालच्या रस्त्यावरच्या शाळेत नेलीत. चार दिवस तिथं काढले. डोंगर काही आला नाही. परत गेलात तर धोंडुबाईंच्या दोन शेळ्या बिबट्यानं नेलेल्या, लावलेल्या भातात गवे शिरून गेलेले, आणि म्हातारे हंबीरराव शाळेच्या ओल्या फरशीवर झोपून जे आजारी पडले ते दिवाळीपर्यंत अंथरुणातून उठले नाहीत. कुणी तुम्हाला थेट काही बोललं नाही. धोंडुबाई तेवढ्या तोंडावर म्हणाल्या, "आण्णा, तुमच्या शिट्टीनं माझ्या शेळ्या खाल्ल्या." ते तुम्हाला किती लागलं हे आईनं मला सांगितलं आहे. तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात. शिट्टी खुंटीला टांगलीत आणि म्हणालात की आता डोंगर स्वतः सांगेल तेव्हाच वाडी हलेल. 'लांडगा आला रे आला' एकदाच ओरडता येतं, दुसऱ्यांदा लोक अंगावरची घोंगडीसुद्धा सारत नाहीत. आणि मग तुम्ही मला फोन केलात. आपली मुलगी सांगलीत मोजायची यंत्रं बनवते, तर तिनं एक आपल्या डोंगरासाठी बनवावं.

पेटी आली तो दिवस तुम्ही विसरणार नाही. नळ्या डोंगरावर चढवायला सगळी वाडी लागली होती. खोल भोकं पाडून त्या नळ्या पुरल्या आणि त्यांत कल मोजणारी उपकरणं सोडली. डोंगर केसभर कलला तरी त्यांच्याकडून तारेनं येणारा विजेचा दाब बदलतो आणि पेटीतलं कार्ड तो मोजतं. आता इथं नीट लक्ष द्या, कारण सगळी गोम इथंच आहे. कार्ड आपण होऊन काही मोजत नाही. त्याला ठोका लागतो. आता मोज, आता मोज, असं सांगणारा. तो ठोका कार्डाच्या पोटातल्या घड्याळाचा घेता येतो, नाहीतर बाहेरून तारेनं आणून देता येतो. कुठला घ्यायचा ते आपण ठरवून द्यायचं. सुरुवातीला आम्ही आतलंच घड्याळ ठेवलं होतं. पण मग जावळीचा पाऊस लागला. आठवडेच्या आठवडे धुकं, सौर पट्टीला उन्हाचा कवडसा नाही, आणि बॅटरी सारखी मान टाकायला लागली. कपिल मोटरसायकलवर नवी बॅटरी बांधून मेढ्याच्या वाऱ्या करून करून टेकीला आला.

तेव्हा आमच्या सौमित्रनं युक्ती काढली. सौमित्र म्हणजे आमच्या कार्यशाळेतला सगळ्यांत वरचा माणूस, तुम्ही त्याला सायेब म्हणता तो. आपल्या छपरावर पाऊस मोजायचं भांडं आधीपासून होतंच. त्यात दोन लहान वाट्या असतात, एक भरली की कलंडते आणि दुसरी वर येते, आणि दर कलंडण्याला तारेतून एक ठोका जातो. सौमित्र म्हणाला, तोच ठोका कार्डाला देऊ. पाऊस पडेल तेव्हा पेटी जागी होऊन डोंगर मोजेल, एरवी झोपेल. बॅटरी वाचेल. शिवाय पावसाचा जोर वाढला की वाट्या भराभर कलंडणार आणि मोजणीही भराभर होणार, म्हणजे धोका जास्त तेव्हा पेटी जास्त सावध. सगळ्यांना पटलं. तुम्ही तर मांडीवर थाप मारलीत, "पाऊस न्हाई तर दरड कशाची? बराबर हाय सायबाचं." आणि पाऊसकाळात आपल्याकडं पाऊस थांबतो कुठं, असं म्हणून आपण सगळे हसलो होतो. बाहेरचा कुणी असता तर त्यानं कदाचित विचारलं असतं की थांबला तर? आपल्यातल्या कुणाच्या डोक्यात ते आलं नाही. जन्मभर ज्यानं उघडीप पाहिलीच नाही त्याला तिचा वहीम कसा येणार?

मग ओट्यावर दिवा लागला. हिरवा म्हणजे बरं आहे, लाल म्हणजे शिट्टी फुंकायची. तुम्ही त्या दिव्याला पलटणीचा हुकूम मानलात. जेवणं झाली की लोक आपल्या ओट्यापर्यंत येऊन हिरवा दिवा बघून जायला लागले, आणि तुम्ही खुर्ची टाकून त्याच्या शेजारी. धोंडुबाईंनी उशाशी बांधून ठेवलेलं गाठोडं सोडलं. वाडी निर्धास्त झोपायला लागली, असं तुम्ही मला किती कौतुकानं सांगितलंत. तुमच्या आवाजात 'माझी पोरगी' होतं. मीही शेफारले. कार्यशाळेत चहाच्या वेळेला आपल्या वाडीच्या गोष्टी सांगायचे.

या वर्षी मात्र पाऊस थांबला. आठवडाभर आभाळ फाटल्यासारखा कोसळला आणि मग एका सकाळी धुकं विरलं आणि लख्ख ऊन पडलं. तुम्ही मुद्दाम धोंडुबाईंच्या खळ्यावर, रेंज मिळते तिथं जाऊन मला फोन केलात. आईनं गोधड्या वाळत घातल्यात, हंबीरराव उन्हाला पाठ देऊन बसलेत, आणि तुम्ही मागच्या खोलीच्या दाराला रंधा मारताय. पावसानं फुगून दार अडायला लागलंय म्हणालात. एक-दोन दिवसांनी पुन्हा फोन. ऊन तसंच, गोधड्या वाळल्या, आणि दार पुन्हा अडलं म्हणून पुन्हा रंधा. मी चेष्टा केली, आण्णा, आता दारात फळी किती उरलीय आणि भुसा किती? तुम्हीही हसलात. फोन ठेवला आणि माझं हसू तोंडावरच राहिलं. ऊन पडलं की लाकूड आटतं, आण्णा. हे तुम्हीच मला सुताराच्या कट्ट्यावर बसून शिकवलंय. मग उन्हात दार अडतंय कसं? दार फुगत नव्हतं. चौकट वाकत होती.

मी धावत जाऊन संगणकावर आपल्या पेटीचा, ती रेंज मिळेल तसे आकडे इकडं धाडते त्यांचा, आलेख उघडला. सरळ रेघ. चढ नाही, उतार नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि मी खुर्चीत टेकले. मग सवयीनं मोजणीच्या वेळा पाहिल्या. शेवटची मोजणी पाऊस थांबला त्या सकाळची होती. त्यानंतर एकही नाही. पाऊस नाही म्हणून वाटी कलंडली नाही, वाटी कलंडली नाही म्हणून ठोका नाही, ठोका नाही म्हणून मोजणी नाही. नवा आकडा येईपर्यंत जुनाच पुढं ओढत राहायचं, अशी आमच्या संगणकाची रीत आहे. ती सरळ रेघ डोंगराची नव्हतीच. आणि दिवाही तसाच. शेवटच्या मोजणीला हिरवा होता, म्हणून हिरवाच राहिला. त्याच दुपारी तुमच्याकडं एक बारीकशी सर येऊन गेली. वाटी एकदा कलंडली, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती रेघ पायरीसारखी उडी मारून वर गेली. तेवढे दिवस डोंगर उन्हात सरकत होता, आणि तुम्ही हिरव्या दिव्याशेजारी खुर्ची टाकून बसला होतात.

पाऊस थांबला म्हणून डोंगराच्या पोटात मुरलेलं पाणी थांबत नाही. ते आत आत उतरत राहतं आणि माती सुटत जाते. हे पुस्तकात आहे, आम्ही सगळ्यांनी वाचलेलं आहे. पण बॅटरीच्या काळजीत कुणाला ते आठवलं नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर आपण असा संतरी उभा केला ज्याचे डोळे फक्त ढोल वाजला की उघडतात. शत्रू ढोल वाजवत आला तर ठीक. पाय न वाजवता आला तर संतरी उभाच आहे, बंदूक खांद्यावर आहे, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं पहारा चालू आहे. पहारा नसता तर लोक निदान स्वतः जागे राहिले असते. धोंडुबाईंचं गाठोडं उशाशी राहिलं असतं.

मागच्या आठवड्यात मी आणि कपिल वर आलो होतो ते यासाठीच. मी तुम्हाला फक्त म्हटलं की पेटीची थोडी दुरुस्ती आहे. पावसाची तार कार्डावरून काढली, ठोका पुन्हा आतल्या घड्याळाला जोडला. आता पाऊस असो, ऊन असो, पाव तासाला मोजणी होतेच. बॅटरी लवकर उतरणार, म्हणून कपिलच्या वाऱ्या पुन्हा सुरू. काम झाल्यावर मी मागच्या खोलीत गेले. दाराचा एक कोपरा तुम्ही तासून तासून इतका तिरका केलाय की त्यातून बोट जातं. गोठ्याच्या भिंतीला जमिनीपासून वर गेलेली चीर होती, आणि आईनं ती शेणानं लिंपून टाकली होती. लिंपण वाळलं होतं आणि मधोमध पुन्हा तडकलं होतं. मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "दर पावसाळ्याला पडतीच गं," आणि माझ्याकडं न बघता शेणाची पाटी उचलून निघून गेली. तिलाही कळलंय, आण्णा. ती फक्त तुमच्या आधी बोलणार नाही. आणि मी? मी तुम्हाला सगळं सांगायचं ठरवून आले होते. तुम्ही कोंबडी कापली होतीत. पानावर बसवलंत, रस्सा वाढलात, आणि दिव्याकडं बोट दाखवून कपिलला म्हणालात, "ह्यो हाय तवर आमाला काय बी धोका न्हाई. माझ्या लेकीनं बसिवलाय." मी गप्प बसले आणि सांगलीला परत आले.

तेव्हापासून मी रोज आलेख बघते आहे. आता ठिपके येतात, पाव तासाला एक, खरेखुरे. ऊन आहे, आभाळ निळं आहे, आणि ठिपके थोडे थोडे वर चढतायत. मी जेवताना डबा उघडते आणि झाकते. कपिल म्हणतो, बघू नकोस सारखं. पण डोळे मिटून आपण काय केलंय ते मला आता माहीत आहे. सौमित्रला दाखवलं. तो वाईट माणूस नाही, त्याचा चेहरा माझ्याइतकाच उतरला. पण त्याचं म्हणणं, लाल दिव्यासाठी ठरवलेली मर्यादा अजून खूप वर आहे, ती ओलांडल्याशिवाय लोकांना हलवायचं कशाच्या जोरावर? आणि एकदा खोटा लाल लागला तर पुढं खऱ्या लालवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. हे बोलणं मी कुठंतरी आधी ऐकलंय ना? तुम्ही दोघं सारखेच बोलता. मी त्याला विचारलं, ही मर्यादा ठरवली कशावरून? तर मागच्या मोजण्यांवरून. म्हणजे त्याच पावसाच्या ठोक्यावर घेतलेल्या. ज्या मोजणीनं उघडिपीतला डोंगर कधी पाहिलाच नाही, तिनं ठरवलेली मर्यादा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तो म्हणाला, अजून थोडे दिवस बघू.

माझ्याकडं ते थोडे दिवस आहेत का, हे मला कुणी सांगू शकत नाही. उद्याच डोंगर येईल असं मी म्हणत नाही. कदाचित थांबेलही, बसेल आपल्या जागी आणि आणखी शंभर वर्षं बसून राहील. मला खरंच माहीत नाही, आणि माहीत नसण्याचीच ही भीती आहे. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावते. वाजला नाही तर त्याहून वाईट. काल भर दुपारी विश्रामबागच्या चौकात एक ट्रक खडी ओतत होता, तो आवाज ऐकून मी रस्त्यातच खाली बसले. लोक गोळा झाले, कुणी पाणी दिलं. आणि खरं सांगू का, आता मी डोंगराला भिते त्यापेक्षा त्या दिव्याला जास्त भिते. डोंगरानं तुम्हाला तिथं धरून ठेवलेलं नाही. माझ्या दिव्यानं ठेवलंय. तुम्ही दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर इतका विश्वास टाकला नसता.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. उठू नका, एवढं वाचा. उद्या तुम्ही हे वाचत असाल, त्याच दुपारी चार वाजता ओट्यावरचा दिवा लाल होईल. डोंगरानं मर्यादा ओलांडली म्हणून नाही, मी लावला म्हणून. आज पेटीला रेंज मिळाली तेव्हा तिच्या आतल्या घड्याळावर मी ती वेळ बांधून ठेवली आहे. सौमित्रला माहीत नाही. त्याला मी नंतर स्वतः सांगेन आणि तो जे करेल ते सोसेन. कपिललाही माहीत नाही, तो बिचारा फक्त बॅटरी आणि पत्र घेऊन आलाय. तुम्हाला न सांगताही हे करता आलं असतं. तुम्ही लाल दिवा बघितला असता, खुंटीवरची शिट्टी काढली असती, आणि एकही प्रश्न न विचारता वाडी खाली आणली असती. पण ओळख पटवल्याशिवाय तुमच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तेव्हा ओळख सांगते. तो लाल दिवा खोटा आहे आणि त्यामागची भीती खरी आहे. दिव्याची वायर ओट्याच्या खांबाला गुंडाळलेली आहे, ती ओढलीत तर दिवा लागणारच नाही, आणि ते करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण शिट्टी फुंकलीत आणि डोंगर नाही आला, तर धोंडुबाईंना माझं नाव सांगा. शिट्टी आण्णांची नव्हती, दीक्षाची होती, असं सांगा. त्यांना शेळ्या सोबत घेऊनच यायला सांगा, शाळेच्या मागच्या पडवीत त्यांच्यासाठी जागा करते. हंबीररावांसाठी खाट बघून ठेवते, या वेळी त्यांना फरशीवर निजू देणार नाही. होय, मी खालीच असेन. कपिल मला शाळेपाशी उतरवून मगच वर येईल. वर आले तर तुम्ही पुन्हा पान वाढाल आणि मी पुन्हा गप्प बसेन, म्हणून येत नाही. बदली आल्याशिवाय तुम्ही पोस्ट सोडत नाही ना? मग ही बदली समजा. आता पहारा माझा. अंधार पडायच्या आत मी शाळेच्या दारात उभी राहीन, आणि ओढ्यापलीकडून चाहूल लागली की तुमच्यासारखीच ओरडेन, "थम! कौन आता है?" आण्णा, तुम्ही फक्त जवाब द्यायला या.

तुमचीच,
दीक्षा